एकतीस नंबर

माशांच्या रांगेला लागूनच बशारतचा ठेला,
त्यामुळे बर्मिंगहॅमच्या बाजारात
मॅकरेल आणि मोगरा एकाच श्वासात येतात.
त्याच्या बाटल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत.
"नाव लिहिलं तर कोर्टकचेरी, बाजी," तो म्हणतो,
"आकड्यावर कुणाची मालकी?"
एकतीस नंबर, आठ पौंड.
मंगळवारी घेतली तर सात.

चढावरच्या संगमरवरी दुकानात, मी नोकरी करते तिथे,
हिचीच श्रीमंत बहीण
दोनशे चाळीसला बसलेली असते.
तिच्या बुडाखाली मखमल, झाकणाला वजन,
बंद करताना टक् असा आवाज येतो,
बँकेच्या लॉकरसारखा.
मी दिवसभर तो टक् विकते
आणि मनगटावर एकतीस लावून उभी राहते.
दुधाची तहान ताकावर, म्हणा हवं तर.
ताकसुद्धा कुणीतरी जीव लावून घुसळलेलं असतं.

बिल्ल्यावर माझं नाव मिनी.
यामिनी त्यांना लांब पडलं.
पहिल्या दिवशी कॅरलने विचारलं, चालेल ना?
मी म्हटलं, चालेल.
चालतंय, बावीस वर्षं.

ऑक्टोबरात एक बाई आल्या. मिसेस हॅथरली.
काठी, हिरवा कोट, कोटावर कुत्र्याचे केस.
"तुम्ही लावलंय ना, ते द्या."
मी सराईतपणे दोनशे चाळीसचा टक् उघडला.
पट्टीवर फवारा. नाकाशी.
मनगटावर फवारा. पुन्हा नाकाशी, डोळे मिटून.
"छे. हे ते नव्हे.
एकाहत्तर सालापासून लावत होते मी.
मग त्यांनी यातलं शेवाळ काढलं,
ओकच्या झाडावरचं. कुणाकुणाला पुरळ यायचं म्हणे.
बाटली तीच, नाव तेच,
आत दुसरीच कुणीतरी राहायला आली."
माझा हात धरला त्यांनी, अगदी नाडी बघावी तसा.
"आणि ती इथे आहे."

पानिपतानंतर पुण्यात तोतया आला होता.
शाळेत तो धडा वाचताना
आम्ही पोटभर हसलो होतो त्याला.
बाईंनी हे काही शिकवलं नव्हतं
की कधीकधी अस्सलच विसरून जातो
आणि सगळं तोंडपाठ असतं ते तोतयाला.

साताऱ्याहून भाचा फोनवर खिदळतो,
"मावशी, 'अगत्य' काय, 'ओशाळले' काय,
असं कोण बोलतं आता?"
मी बोलते बाबा.
माझ्याकडे नवा माल आलाच नाही.

कॅरलची पाठ फिरलेली बघून
पट्टीच्या मागे लिहून दिलं :
माशांची रांग, शेवटून तिसरा ठेला, ३१.
दोनशे चाळीस पौंडांची विक्री गेली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
गिऱ्हाइकाला खरं सांगितलं, तेही पेन्सिलीने.

गुरुवारी सुट्टी होती. मीही गेले.
हॅथरलीबाई आधीच उभ्या, काठी बर्फाच्या पाण्यात.
बशारत खुशीत होता.
"बाजी, एकतीस सुधारली!
कारखानेवाल्यांनी नवी बाटली आणून
नव्याने उतरवली. आता अगदी हुबेहूब!"
आम्ही दोघी हुंगून बघितली.
हुबेहूब होती.

जुन्या दोनच निघाल्या, खोक्याच्या तळाशी,
एकीचं झाकण तडकलेलं.
तडकलेली त्यांनी घेतली
आणि दोन्हींचे पैसे त्यांनीच दिले.
मी ओशाळले.
दुसरा शब्द नाही त्याला.

बाटलीत आता दीड बोट उरलीय.
रविवारी लावत नाही.
भांडी घासताना डावं मनगट
नळाच्या धारेबाहेर धरते.